पाणी बदलण्यासाठी ड्रममध्ये साठवलेलं पाणी: दोन दिवस शिळं केलं की पुरे का?

पाणवेल:

फिशटँक २०० लिटरचा आहे. वाळू, दगड, लाकूड वजा करता आत पाणी १८० लिटर. निऑन टेट्रा आणि कोरीडोरास हे छोटे मासे, चेरी श्रिम्प (बारीक लाल कोळंबी) आणि बऱ्यापैकी झाडं. दर आठवड्याला पाव भाग, म्हणजे ४५ लिटर पाणी बदलतो. त्यासाठी १०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम आहे. नळाचं पाणी भरून दोन दिवस उघडं ठेवायचं आणि मग टँकमध्ये ओतायचं, अशी पद्धत. कंडिशनर (क्लोरीन मारणारं रसायन) घालत नाही, कारण तोवर क्लोरीन उडून जातो असं सगळे सांगतात.

तरी पाणी बदलल्यावर तासाभरात टेट्रा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात आणि पुढच्या दोन दिवसांत दोन-तीन श्रिम्प मरतात. पाणी दिसायला स्वच्छ, वास नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दोन दिवस कमी पडतात का? असं पाणी ड्रममध्ये जास्तीत जास्त किती दिवस ठेवता येतं? आणि थंडीत ड्रममधलं पाणी १९ अंशांवर जातं, टँक २६ वर असतो, तर ड्रममध्ये हीटर लावायचा का?


जलसूत्र:

दिवसांचा प्रश्न नंतर. आधी तुमच्या नळाला क्लोरीन येतो की क्लोरामाइन, हे शोधा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

नुसता क्लोरीन असेल तर उघड्या ड्रममध्ये २४ ते ४८ तासांत बराचसा जातो. एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड आत सोडला तर त्याहून लवकर. मात्र ड्रम उंच आणि तोंड अरुंद असेल, पाणी हलत नसेल, तर दोन दिवसांनीही तळाशी थोडा उरतो. क्लोरामाइन हा क्लोरीन आणि अमोनियाचा जोड. लांबच्या नळजोडापर्यंत टिकावा म्हणूनच तो वापरतात, त्यामुळे तो ड्रममध्येही टिकतो. दोन दिवसांत त्यातला जेमतेम थोडासा कमी होतो. क्लोरीन कल्ल्यांची त्वचा जाळतो. क्लोरामाइन कल्ल्यांतून सरळ रक्तात उतरतो आणि हिमोग्लोबिन निकामी करतो, म्हणून पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा धापा टाकतो. तुम्ही सांगितलेलं लक्षण याच्याशी जुळतं, पण मोजल्याशिवाय नक्की म्हणू नका.

मोजायला डीपीडी पद्धतीचा किट घ्या, ज्यात मुक्त क्लोरीन आणि एकूण क्लोरीन वेगवेगळे दिसतात. एकूणातून मुक्त वजा केलं की उरतो तो जोडलेला, म्हणजे क्लोरामाइन. मुक्त क्लोरीनचा गुलाबी रंग मिनिटाभरात वाचा. उशीर केला तर क्लोरामाइनही हळूहळू रंग देऊ लागतो आणि आकडा फुगतो. पिवळा रंग येणारा ओटीओ किट फक्त एकूण दाखवतो, त्यामुळे त्याने "क्लोरीन आहे" एवढंच कळतं, कुठला ते नाही.

सोबत हेही मोजून इथे लिहा: नळाच्या ताज्या पाण्याचा पीएच, तेच पाणी ग्लासात हवा सोडून २४ तास ठेवल्यावरचा पीएच, आणि नळ व टँक दोन्हींचे जीएच (पाण्याचा जडपणा), केएच (आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवायची ताकद), टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार), अमोनिया, नायट्रेट. आकडे नसताना सल्ला देणं म्हणजे अंधारात तीर मारणं.


शेवाळी:

आकडे येईपर्यंत ड्रमबद्दल.

निळा ड्रम नवा आहे की वापरलेला? वापरलेला असेल आणि आधी त्यात काय होतं ते ठाऊक नसेल तर माशांसाठी नको. साबण, फिनेल, कीटकनाशक ड्रमच्या एचडीपीई प्लास्टिकच्या भिंतीत मुरतं आणि कितीही धुतलं तरी थोडंथोडं सुटत राहतं. खाद्यपदार्थ ठेवण्यासाठी बनवलेला, तळाशी त्रिकोणात २ आकडा असलेला नवा ड्रम घ्या. धातूचं भांडं नको. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा तांब्या-पितळेची तोटी श्रिम्पना माशांपेक्षा फार लवकर मारते. घराच्या नळजोडात तांब्याची पाइप असेल तर सकाळचं पहिलं एक-दोन मिनिटांचं पाणी ड्रममध्ये घेऊ नका, ते फरशी पुसायला वापरा. गीझरचं गरम पाणीही नको, कारण टाकीतला गाळ आणि धातू दोन्ही सोबत येतात.

ड्रम ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा. निळं प्लास्टिक थोडा उजेड आत सोडतं आणि आठवड्यात भिंतीवर हिरवा थर येतो. काळा असता तर उत्तम. नसेल तर बाहेरून काळा कागद गुंडाळा.

"किती दिवस" याचं उत्तर: झाकलेला, हवा सोडलेला, अंधारातला ड्रम असेल तर आठवडाभर निर्धास्त. त्यानंतर पाणी विषारी होतं असं नाही, पण क्लोरीन गेल्यावर जिवाणूंना अडवणारं काहीच उरत नाही आणि भिंतीला बुळबुळीत थर धरू लागतो. पाणी हलतं नसेल तर तळाचा ऑक्सिजन उतरतो. झाकण काढल्यावर कुबट वास आला तर ते पाणी झाडांना द्या.

आणि उघडा ड्रम म्हणजे डासांचं पाळणाघर. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात, काठाच्या ओल्या भिंतीवर अंडी घालतो आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत नवा डास उडतो. तोंडावर बारीक नायलॉन जाळी ताणून बांधा, हवा खेळेल आणि डास आत जाणार नाही. दर आठवड्याला ड्रम पूर्ण रिकामा करून भिंत ब्रशने घासा, कारण ही अंडी कोरडी पडूनही बराच काळ जिवंत राहतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. (अळ्या सापडल्याच तर टेट्रांची मेजवानी. पण मुद्दाम पैदास नको.)

धुताना साबण वर्ज्य. क्षारांच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर, बुळबुळीला पातळ ब्लीच. दोन्ही एकत्र किंवा एकापाठोपाठ, मधे न विसळता, कधीही वापरू नका. क्लोरीन वायू सुटतो.


पाणवेल:

ड्रम नवा आहे, खाद्यपदार्थांसाठीचा. आकडे असे:

नळाचं ताजं पाणी: मुक्त क्लोरीन ०.२, एकूण १.५ मिग्रॅ प्रति लिटर. ड्रममध्ये ४८ तासांनी मुक्त ०, एकूण १.३. पीएच ताजा ७.४, २४ तास हवा सोडल्यावर ८.०. जीएच ११, केएच ६, टीडीएस २९०.

टँक: पीएच ६.४, जीएच १३, केएच १, टीडीएस ४३०, अमोनिया ०.५, नायट्रेट ८०.

बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणीही नळाचंच घालतो. खाणं दिवसातून दोनदा.


जलसूत्र:

आता चित्र स्पष्ट झालं. दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत.

पहिला, क्लोरामाइन. १.५ चा १.३ झाला, म्हणजे दोन काय, पाच दिवस ठेवलंत तरी ते पाणी तसंच टँकमध्ये जाणार. ४५ लिटर पाणी १८० लिटरमध्ये मिसळल्यावर ०.३ च्या वर राहतं. ०.१ च्या खालीही बऱ्याच माशांना त्रास होतो, श्रिम्प तर आणखी नाजूक. पाणी साठवण्याचे इतर फायदे आहेत, पण क्लोरामाइनवर रसायनाशिवाय इलाज नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बन तो तोडतो खरा, पण फार सावकाश. घरगुती फिल्टरमधून पाणी वेगाने गेलं तर बराचसा तसाच निसटतो.

सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोग्राफीत वापरायचे तेच हायपोचे खडे, सगळ्यांत साधा. प्रमाण: १ मिग्रॅ क्लोरीनला ७ मिग्रॅ हायपो धरा. काही परिस्थितीत त्याहून बरंच कमी लागतं, पण ७ धरलं की कमी पडत नाही. १०० ग्रॅम खडे शुद्ध पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा, म्हणजे १ मिलीत १०० मिग्रॅ. तुमच्या ड्रममध्ये ९० लिटर भरलंत तर १.५ × ९० = १३५ मिग्रॅ क्लोरीन, त्याला ९४५ मिग्रॅ हायपो, म्हणजे साडेनऊ मिली. १५ मिली घाला. पाण्याचा स्रोत गढूळ होतो तेव्हा पाणीपुरवठावाले डोस वाढवतात, तेव्हा हे जास्तीचं उपयोगी पडतं. पण "जास्त घातलं तर जास्त सुरक्षित" म्हणून पाचपट ओतू नका. हायपो ऑक्सिडीकरण करणारं जे मिळेल ते शोधतो आणि फार झाला तर पाण्यातल्या ऑक्सिजनवरही ताण येऊ शकतो. ढवळून पाच मिनिटांनी एकूण क्लोरीन पुन्हा मोजा. शून्य आला पाहिजे.

क्लोरामाइन तुटल्यावर अमोनिया मोकळा होतो, याची भीती फार दाखवली जाते. हिशेब करून पाहा: १.५ मिग्रॅ क्लोरामाइनमधून साधारण ०.३ मिग्रॅ प्रति लिटर अमोनिया-नायट्रोजन. पाव भाग पाणी बदललं तर टँकमध्ये ०.०८ च्या आत. जुना, चालू फिल्टर एवढा काही तासांत संपवतो. नव्या टँकमध्ये किंवा अर्ध्याहून जास्त पाणी बदलताना मात्र अमोनिया बांधणारा कंडिशनर घ्या, नुसता हायपो नको. आणि असा कंडिशनर घातल्यावर अमोनियाचा किट काही काळ आकडा दाखवतच राहतो, कारण सॅलिसिलेट किटला (अमोनिया मोजायचा एक प्रकार) बांधलेला आणि मोकळा यांतला फरक कळत नाही. तो आकडा पाहून घाबरून पुन्हा डोस घालू नये.

दुसरा प्रश्न टँकचाच आहे आणि माझ्या मते तो जास्त गंभीर. केएच १, पीएच ६.४, नायट्रेट ८०: फिल्टरमधले जिवाणू नायट्रेट बनवताना आम्ल सोडतात, ते केएच खातं. पाव भाग पाणी बदलल्यावर तुमचा केएच सव्वादोनच्या आसपास जात असणार आणि आठवड्यात पुन्हा १ वर येतो. म्हणजे खाणं किंवा मासे जास्त आहेत. पीएच साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, म्हणून ०.५ अमोनिया उरला आहे.

६.४ पीएचला तो जवळजवळ सगळा अमोनियम रूपात आहे, निरुपद्रवी. २६ अंशांना विषारी अमोनियाचा वाटा एका हजारात दीड. पीएच एकाने वाढला की तो वाटा दहापट होतो. तुम्ही ८.० पीएच आणि केएच ६ असलेलं ४५ लिटर पाणी एका झटक्यात ओतता तेव्हा टँकचा पीएच वर उडी मारतो आणि शांत बसलेला अमोनियम विषारी होतो. वरून क्लोरामाइन. टेट्रांनी धापा टाकल्या नसत्या तरच नवल.

म्हणून दोन आठवडे पाव भाग बदलणं थांबवा. एक दिवसाआड १०%, म्हणजे १८ लिटर. सात वेळा केलंत तर जुन्या पाण्यापैकी ५२% गेलेलं असतं. दोनदा पाव भाग बदललं असतं तर ४४%. गेलेलं पाणी जास्त आणि धक्का कमी. प्रत्येक वेळी केएच अर्ध्या अंशाने सरकेल, पीएच हळूहळू सावरेल. खाणं दिवसातून एकदा करा. अमोनिया शून्य आणि केएच ४ च्या पुढे गेला की परत आठवड्याला पाव भाग.


बुडबुडा:

वरच्या उत्तराला दोन पुरवण्या.

ताज्या पाण्याचा पीएच ७.४ आणि हवा सोडल्यावर ८.०, म्हणजे नळाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे. बोअरच्या पाण्यात हा फरक याहून मोठा असतो, शिवाय ऑक्सिजन जवळपास नसतो आणि लोह असलं तर हवा लागताच तांबूस गाळ खाली बसतो. म्हणून क्लोरामाइनवर रसायन घातलं तरी ड्रममध्ये रात्रभर एअर पंप हवाच. थंड, दाबाखालच्या पाण्यात विरघळलेला वायू जास्त असतो. तसंच ते कोमट टँकमध्ये गेलं तर काचेवर आणि माशांच्या अंगावर बारीक बुडबुडे धरतात. मोठ्या प्रमाणात झालं तर कल्ल्यांतही. पंप ड्रमच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा किंवा नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं.

बाष्पीभवनाचं पाणी नळाचं घालणं बंद करा. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. तुमच्या टँकचा जीएच १३ आणि टीडीएस ४३० त्यातूनही चढला आहे. त्या भरीसाठी आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी. घरच्या आरओचं पिण्याच्या नळाचं पाणी चालेल, त्याच्या वाया जाणाऱ्या नळीचं नाही; त्यात क्षार आणखी दाट असतात. नुसत्या यूव्ही मशिनचं पाणी क्षारांच्या बाबतीत नळाच्याच पाण्यासारखं. आणि सॉफ्टनर आरओ नव्हे, तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो.


शेवाळी:

व्हिटॅमिन सी सुद्धा क्लोरीन मारतं, मग हायपोच कशाला? पावडर सहज मिळते, बाटलीवर डोसही लिहिलेला असतो.


जलसूत्र:

मारतं. १ मिग्रॅ क्लोरीनला सुमारे २.५ मिग्रॅ एस्कॉर्बिक आम्ल. ९० लिटरला साधारण ३४० मिग्रॅ. पण ते आम्ल आहे. कमी केएचच्या पाण्यात पीएच खाली ओढतं, आणि द्रावण करून ठेवलं तर हवेने लवकर निकामी होतं. हायपो हाताशी नसताना चालेल. गोळ्या नकोत, त्यांत रंग, साखर, चव घातलेली असते.


पाणवेल:

समजलं. हीटरचं राहिलं. १८ लिटरसाठीही पाणी गरम करावं लागेल का? आणि मग ड्रमचीच गरज काय, नळाला पाइप लावून हायपो टाकून थेट भरलं तर?


बुडबुडा:

१८ लिटर १९ अंशांचं पाणी १८० लिटरच्या टँकमध्ये गेलं तर तापमान ०.७ अंश उतरतं. ते टेट्रांना जाणवतही नाही. हीटर लागत नाही.

पुन्हा ४५ लिटरवर आलात की उतार पावणेदोन अंशांचा. तेव्हा हवा तर तापवा. ९० लिटर १९ वरून २६ वर न्यायला २०० वॉटचा हीटर नुसत्या हिशेबाने पावणेचार तास घेतो, ड्रमच्या भिंतीतून जाणारी ऊब धरली तर त्याहून जास्त. काचेचा हीटर ड्रमच्या भिंतीला टेकता कामा नये, प्लास्टिक वितळतं. जाळीचं कव्हर घाला आणि आडवा, तळापासून थोडा वर बसवा. पाणी काढायच्या १५ मिनिटं आधी प्लग काढायचा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. जोडणी विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरवरच.

एवढा खटाटोप नको असेल तर स्टीलच्या पातेल्यात ४ लिटर पाणी उकळा आणि ४१ लिटर थंड पाण्यात मधोमध ओतून ढवळा. १९ अंशांच्या पाण्यात ते २६ च्या आसपास येतं. थर्मामीटरने बघा, हाताने नको.

थेट नळाने भरणं चालतं, पण तेव्हा रसायनाचा डोस नव्या पाण्यापुरता नाही, पूर्ण १८० लिटरचा घालायचा आणि नळ सोडायच्या आधी घालायचा. शिवाय हवा सोडून पीएच स्थिर करायची संधी जाते. तुमचा केएच १ असेपर्यंत ड्रम ठेवा. नंतर, दर वेळी १५-२० टक्क्यांच्या आत असाल, तर थेट भरायला हरकत नाही.


शेवाळी:

ड्रममधून टँकमध्ये ओतू नका, त्याने वाळू उडते आणि सगळं पाणी एका मिनिटात आत जातं. लहान सबमर्सिबल पंप ड्रमच्या तळापासून पाच-सात सेंटीमीटर वर टांगा, म्हणजे बसलेला गाळ येत नाही. नळी सिलिकॉनची किंवा पिण्याच्या पाण्यासाठीची. बागेच्या पाइपला उग्र प्लास्टिकचा वास येतो ना, तो नकोच. नळीला क्लिप लावून १८ लिटरला अर्धा तास लागेल इतकी धार ठेवा. श्रिम्पसाठी याचा फार फरक पडतो: पाण्याचे क्षार अचानक बदलले की ते वेळेआधी कात टाकतात आणि त्यातच अडकून मरतात. तुमच्या बाबतीत टीडीएसची उडी फार मोठी नाही, ४३० वरून ३९५, त्यामुळे संशय आधी क्लोरामाइनवरच.

ड्रम भरायच्या आधी एकदा १० लिटरच्या बादलीने मोजून बाहेरून मार्करने खुणा करून ठेवा. "१०० लिटरचा" ड्रम काठोकाठ भरला तर १०० चा असतो, आणि हायपोचा हिशेब अंदाजाने भरलेल्या पाण्यावर चुकतो. भरलेला ड्रम क्विंटलभर वजनाचा होतो, तेव्हा लाकडी स्टूलवर नको.


पाणवेल:

आज १५ मिली घालून रात्रभर हवा सोडली. एकूण क्लोरीन ०, पीएच ८.०. हायपोच्या द्रावणात मात्र तळाशी पांढुरकं काहीतरी दिसतंय. वापरू का?


जलसूत्र:

तो सुटलेला गंधक. द्रावण आम्लाने, उजेडाने किंवा जुनं होऊन फुटलं की असं दिसतं, आणि फुटलं तेवढी ताकद गेली. आज शून्य आला म्हणजे ड्रममधलं पाणी वापरायला ठीक, पण ती बाटली टाकून द्या. नवं करताना डिस्टिल्ड पाणी घ्या, खडे ओलसर झालेले नकोत, तपकिरी बाटलीत गच्च बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, बाटलीवर तारीख आणि "पिऊ नये" असं लिहा. लिटरभर एकदम करू नका. १० ग्रॅम खडे, एकूण १०० मिली द्रावण, एवढंच. १५ मिलीच्या हिशेबाने सहा ड्रम होतात.